कोमट बॉनेट

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, आणि तरीही फसलो. "तुला कळायला नको होतं?" हे बायकोपासून पुण्याच्या मामांपर्यंत सगळ्यांचं विचारून झालंय. कळत होतं हो. पण समोर अल्फा रोमिओ 156 उभी होती.

मिलानबाहेरच्या एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याच्या आवारात ती लाल गाडी पाहिली तेव्हा आधी दोनच दारं दिसली. मागच्या दारांची हँडलं खिडकीच्या कडेच्या काळ्या पट्टीत दडवलेली. पुढची ढालीसारखी जाळी थेट बंपरमध्ये उतरलेली, त्यामुळे नंबरप्लेट बिचारी एका बाजूला सरकलेली. डिझायनर वॉल्टर द सिल्वाच्या हाताखाली घडलेली ही गाडी 1997 साली आली आणि 1998 ची युरोपातली कार ऑफ द इयर ठरली. चालवून पाहिली आणि उरलंसुरलं भानही गेलं. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम सव्वादोन फेरे. मनगट हललं की नाक वळलंच. दोन लिटरचं ट्विन स्पार्क इंजिन, प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, वरच्या फेऱ्यांत गेलं की गायला लागतं. (यू-टर्नला मात्र अख्खा चौक लागतो, ते कोणी सांगत नाही.)

चालवण्याआधी बॉनेटवर हात टेकवला तेव्हाच ते कोमट लागलं होतं. सकाळचे नऊ, थंडीचे दिवस. मी दुर्लक्ष केलं.

"ताल्यांदो झालाय?" मी विचारलं. म्हणजे सर्व्हिसिंग. "झालाय, निश्चिंत राहा," म्हणून त्याने शिक्क्यांची वही माझ्या हातात दिली. गाडी मेव्हण्याच्या नावावर आहे, तेवढे कागद त्याच्याकडून करू, कर वाचेल, असंही म्हणाला. मला तेव्हा ते सौजन्य वाटलं.

तीन महिन्यांनी बर्गामोच्या अलीकडे, महामार्गावर, नुसतं टक् झालं आणि इंजिन बंद. ज्या स्टिअरिंगसाठी मी जीव टाकला होता ते पाट्यासारखं जड. गॅरेजमधल्या म्हाताऱ्या मेकॅनिकने विचारलं, टायमिंग बेल्ट कधी बदललात? मी ऐटीत वही पुढे केली. त्याने शेवटच्या शिक्क्यावर काळं बोट ठेवलं आणि वाचत गेला: तेल, तेलाचा फिल्टर, हवेचा फिल्टर. मग बोट तिथेच ठेवून माझ्याकडे पाहिलं. बेल्टचा कुठे उल्लेखच नव्हता. 94,000 किलोमीटर! बेल्ट तुटला की या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. सोळापैकी बरेच व्हॉल्व्ह वाकले होते. दोन पगार गेले.

विक्रेत्याला फोन केला तर साहेब म्हणतात, "तुम्ही सर्व्हिसिंग विचारलंत, बेल्ट कुठे विचारलात?" आणि हमी? इटलीत धंदेवाईक विक्रेत्यावर जुन्या गाडीचीही किमान वर्षभराची कायदेशीर जबाबदारी असते, खासगी विक्रीला ती लागू नाही. मेव्हणा कशासाठी होता ते तेव्हा उमगलं.

तेव्हा, घेणार असाल तर इंजिन थंडगार असतानाच बघायला जा, आणि किल्ली स्वतः फिरवा. झिजलेला व्हेरिएटर (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ पुढेमागे करणारा भाग) इंजिन सुरू होताना काही सेकंद डिझेलसारखा खडखडतो, गरम इंजिनात तो मुका असतो. बेल्टसाठी बिल मागा, शिक्का नको. 60,000 किलोमीटरच्या पुढे थांबू नका, आणि बदलताना टेन्शनर, पाण्याचा पंप आणि बॅलन्स शाफ्टचा दुसरा छोटा बेल्टही बदला, कारण मजुरी एकदाच लागते. ज्याच्याशी सौदा केला त्याच्याच नावाने पावती घ्या. बाकी कागद नीट वाचा वगैरे तर आहेच.

गाडी मी विकली नाही. दुरुस्त करून आणखी चार वर्षं चालवली, आणि कोमो सरोवराकाठच्या वळणांवर तिला शिव्या घालायचं मला एकदाही जमलं नाही. शिव्या त्या विक्रेत्याच्या वाट्याच्या. पुढे एकदा त्याच्या आवारावरून गेलो. फाटकाशी एक जोडपं घंटी वाजवून थांबलेलं, आणि आत एका निळ्या गाडीच्या धुराड्यातून पांढरी वाफ निघत होती.