सॉफ्टबॉल : पिचरचा खांदा जपा

शालेय सॉफ्टबॉल स्पर्धेत अनेकदा एकाच दिवशी दोन-दोन सामने होतात आणि संघाची सारी भिस्त एकाच पिचर मुलीवर असते. चेंडू खालून फेकल्याने हाताला इजा होत नाही, हा गैरसमज आहे. वाढत्या वयात हाडांची टोके कोवळी असतात. अतिश्रमाने खांदा, कोपर व पाठ दुखावते.

प्रशिक्षकांनी किमान तीन पिचर तयार करावेत. ७ इनिंग वाटून द्याव्यात, फेकी वहीत मोजाव्यात. बारा वर्षांखालील मुलीने सलग २ दिवस पिचिंग केल्यास तिसऱ्या दिवशी तिला पिचिंग देऊ नये. सोलापूरच्या उन्हात पाणीही वरचेवर द्यावे.

संघातून वगळतील म्हणून मुली दुखणे लपवतात. पालकांनी स्वतः विचारावे. दुखत असल्यास खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे. चषक पुढच्या वर्षीही मिळेल.