हजार पणत्या, तरी फोकस का बसेना?

प्रश्न : त्रिपुरारी पौर्णिमेला पहाटे कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावर दीपोत्सवाचे फोटो काढायला गेलो होतो. समोर इतक्या पणत्या, पण लेन्स नुसती घरघरत पुढे-मागे फिरत राहिली. आयएसओ ६४०० केला, तरी क्लिक होईना. कॅमेरा डीएसएलआर, लेन्स सोबत मिळालेली १८-५५. बिघाड असेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कॅमेरा ठणठणीत आहे. आयएसओ वाढवलात, पण त्याचा फोकसशी संबंध नाही. व्ह्यूफाइंडरमधून बघताना डीएसएलआरचा फोकस ठरवतो तो एक निराळा छोटा सेन्सर, आरशाखाली दडलेला. आयएसओ आहे तो फोटो टिपणाऱ्या मुख्य सेन्सरचा.

हा छोटा सेन्सर लेन्सच्या समोरासमोरच्या दोन कडांतून आलेल्या प्रतिमा ताडून बघतो. त्यांच्यात फरक किती, यावरून लेन्स कुठे आणि किती फिरवायची ते त्याला कळतं. मात्र ताडायला उजेड-अंधाराची एखादी ठळक रेघ हवी. तुमची चौकट काळ्या पाण्यावर किंवा अंधाऱ्या पायरीवर असेल, तर दोन्ही प्रतिमा सारख्याच कोऱ्या. मग लेन्स चाचपडत बसते. आणि फोकस बसल्याखेरीज शटर सोडायचं नाही, असं सिंगल फोकसमध्ये कॅमेऱ्याला बहुधा शिकवलेलंच असतं.

उजेडालाही मर्यादा आहेच. २०१२ च्या कॅनन ६डीचा मधला बिंदू उणे ३ ईव्हीपर्यंत चालतो, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्यात. स्वस्तातले डीएसएलआर त्याच्या बरेच आधी हात टेकतात. ‘५० एमएम एफ १.८ घ्या’ असा सल्ला तुम्हाला मिळेलच. फोटोसाठी ती उत्तम, ५.६ च्या मानाने जवळजवळ दहापट उजेड आत घेते. पण फोकसचे बरेचसे बिंदू ५.६ एवढ्याच खिडकीतून बघतात. हा जादा उजेड त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. निव्वळ फोकससाठी खर्च करू नका.

त्यापेक्षा मधला एकच बिंदू निवडा. तो सहसा आडव्या-उभ्या दोन्ही रेघा ओळखतो. तो ज्योतीवर नको, पणतीच्या उजळलेल्या काठावर ठेवा, किंवा दिवा लावणाऱ्या बाईंच्या पदराच्या जरीवर. बटण अर्धं दाबून फोकस धरा, मग चौकट हवी तशी सरकवा. लाइव्ह व्ह्यूमध्ये तर ज्योत हमखास चकवते: फोकस सुटला की तिची पांढरी टिकली होते, आणि त्या टिकलीलाही चांगली रेखीव कड असते!

तरीही जमेना, तर कॅमेरा तिकाटण्यावर चढवा, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करा, लेन्सवरची कळ एमएफवर टाका आणि ज्योत सर्वांत लहान दिसेल तिथे रिंग थांबवा. त्याच अंतरावरच्या सगळ्या पणत्या मग तुमच्याच. फोकसला मदत म्हणून कॅमेरा फ्लॅश लुकलुकवत असेल, तर ते मेनूतून बंदच करा. घाटावर दिवा सोडणाऱ्याच्या डोळ्यांवर ती लुकलुक म्हणजे निव्वळ त्रास.

घरी आल्यावर फोटो मोठा करून बघा. पणती धूसर पण मागची पायरी स्पष्ट असेल, तर फोकस चुकला. सगळ्या ज्योती एकाच दिशेला ओढल्यासारख्या दिसत असतील, तर हात हलला. त्याला फोकसचा इलाज नाही, शटरचा वेग वाढवावा लागेल.