आज्ञा स्वीकारणारा कोण? : डॉसमधील एक धडा

काळ्या पडद्यावर लुकलुकणारी खूण दिसली की विद्यार्थी म्हणत, “सर, संगणक तयार आहे.” आम्ही विचारीत असू, “तयार म्हणजे नेमके कोण तयार आहे?” एका प्रसंगाने या प्रश्नाचे मोल आम्हांस पटले. वसतिगृहातील एका विद्यार्थ्याने अर्धा निबंध टंकित केला. फायलींची यादी पाहण्यासाठी तो लेखनाच्या प्रोग्राममधून तात्पुरता डॉसमध्ये आला. समोर नेहमीची खूण दिसताच काम संपले असे समजून त्याने संगणक बंद केला. निबंध जतन केलेला नव्हता, तो गेला.

१९८१ साली आलेल्या एमएस-डॉसमध्ये ही खूण दाखविणारा प्रोग्राम म्हणजे कमांड डॉट कॉम. त्याचे मुख्य दोन भाग. निवासी भाग मेमरीच्या खालच्या बाजूस कायम राहतो. अस्थायी भाग वरच्या टोकास बसतो. डीआयआर, कॉपी या आज्ञा त्याच्यापाशी असतात. मोठ्या प्रोग्रामला जागा लागल्यास तो या भागावर पसरतो. प्रोग्राम संपल्यावर निवासी भाग तपासणी करतो आणि अस्थायी भाग पुसला गेला असल्यास तो डिस्कवरून पुन्हा आणतो. फाइल कोठे आहे हे कॉमस्पेक या नोंदीवरून कळते.

लेखनाचा प्रोग्राम डॉसमध्ये जाऊ देतो, तेव्हा तो स्वतः संपत नाही. तो कमांड डॉट कॉमची दुसरी प्रत मेमरीत चालू करवितो आणि थांबून राहतो. म्हणूनच ६४० किलोबाइटच्या मर्यादेत मोकळी जागा कमी होते. दुसऱ्या प्रतीला पर्यावरण-नोंदींची नक्कल मिळते; तीत केलेले बदल मूळ नोंदींपर्यंत पोहोचत नाहीत. ‘एक्झिट’ टंकित केल्यावर दुसरी प्रत संपते आणि थांबलेला निबंध पडद्यावर परत येतो. संगणक सुरू होताना आलेल्या पहिल्या प्रतीला मात्र परतण्यास जागा नसते. तेथे एक्झिटचा काही परिणाम होत नाही.

दोन्ही प्रतींची खूण सारखीच दिसते. त्या विद्यार्थ्याची चूक आज्ञेत नव्हती. दिसणाऱ्या खुणेमागे कोण थांबले आहे, हे त्याने विचारले नाही. त्या दिवसापासून आमच्या वर्गात एक नियम झाला : संगणक बंद करण्यापूर्वी एकदा ‘एक्झिट’ टंकित करावे. आजच्या संगणकांतही एक प्रोग्राम दुसऱ्यास जन्म देतो. तेव्हा, माजी विद्यार्थ्यांनो, तो जुना प्रश्न अद्याप जुना झालेला नाही.