धाव एकाच्या नावावर, पळणारे दोघे

शास्त्रपाठ : योहान १:३५-४२; ६:५-९; १२:२०-२२



खेळ पाहत बसणे म्हणजे वेळ दवडणे, असे मानणारी वडील माणसे आजही आपल्या मंडळ्यांत आहेत. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना शर्यतीत धावणाऱ्यांचा आणि मुष्टियुद्ध करणाऱ्यांचा दाखला दिला (१ करिंथ ९:२४-२७). करिंथजवळ इस्थमियाचे खेळ भरत, त्यामुळे वाचकांना तो दाखला चटकन समजला असेल. आज पौल आमच्या ग्वाल्हेरात आला असता, तर त्याने क्रिकेटचा दाखला दिला असता असे आम्हास वाटते.

आम्ही फूलबागेच्या परिसरात राहतो. मंदिर, मशीद आणि गुरुद्वारा येथे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत आणि झाशीच्या राणीची समाधीही जवळच आहे. येथून फार दूर नाही असे कॅप्टन रूपसिंग यांच्या नावाचे मैदान आहे. हे रूपसिंग हॉकीपटू ध्यानचंद यांचे धाकटे भाऊ आणि ग्वाल्हेर संस्थानच्या लष्करातले. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेवर २४ गोल केले. त्यांतले १० रूपसिंगांचे होते आणि ८ ध्यानचंदांचे. तरी थोरल्या भावाचा जन्मदिवस, २९ ऑगस्ट, आज सारा देश क्रीडादिन म्हणून पाळतो आणि धाकट्याचे नाव आमच्या गावाबाहेर थोड्यांनाच ठाऊक असते. ही गोष्ट मनात ठेवावी, पुढे तिचा उपयोग आहे.

याच मैदानावर २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २०० धावा केल्या. पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधले ते पहिले द्विशतक. तो बुधवार होता, लेंटचे दिवस होते आणि संध्याकाळी एका घरी मराठी कुटुंबांची प्रार्थनासभा होती. आम्ही बायबल काखेत धरून निघालो खरे, पण चौकातल्या एका दुकानासमोर टीव्ही पाहत उभे राहिलो आणि सभेला उशिरा पोहोचलो. हा आमचा दोष आहे, तो लपवत नाही.

सचिनच्या १९९ धावा झाल्या होत्या आणि समोर महेंद्रसिंग धोनी फलंदाजी करत होता. लोकांना सचिनची ती एक धाव पाहायची होती, म्हणून दुकानासमोरची गर्दी धोनीवरच चिडू लागली. शेवटच्या षटकाच्या पहिल्या चेंडूवर धोनीने षटकार मारला, तेव्हा कोणी टाळी वाजवली नाही. दुसऱ्या चेंडूवर त्याने एक धाव काढली आणि तिसऱ्यावर सचिनचे द्विशतक पूर्ण झाले. भारताच्या ४०१ धावा झाल्या आणि सामना १५३ धावांनी जिंकला. धोनीने ३५ चेंडूंत नाबाद ६८ धावा केल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या आमच्या कोणाच्याही बोलण्यात नव्हत्या.

क्रिकेटचा एक साधा नियम येथे लक्षात घ्यावा. चेंडू सीमेपार गेला तर गोष्ट वेगळी, पण एरवी धाव काढायची म्हणजे दोन्ही टोकांच्या फलंदाजांनी पळावे लागते. धाव लिहिली जाते ती मात्र ज्याने चेंडू मारला त्याच्या नावावर. दुसरा तितकाच पळतो, तितकाच दमतो आणि त्याच्या नावापुढे काहीही लिहिले जात नाही. तो पळाला नाही, तर मारणाऱ्यालाही धाव मिळत नाही.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच लोकांतले आहे. विजय हजारे हे सांगलीत जन्मलेले मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती. १९५२ साली मद्रासला इंग्लंडला हरवून भारताने कसोटीतला आपला पहिला विजय मिळवला, तेव्हा कर्णधार तेच होते. पूर्वी मुंबईत पंचरंगी सामने होत. त्यांत धर्मावरून संघ पाडलेले असत. ती पद्धत बंद झाली हे बरेच झाले. ख्रिस्ती खेळाडू ‘इतर’ नावाच्या संघातून खेळत. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाने ५८१ धावांचा डोंगर उभा केला आणि ‘इतर’ संघ १३३ धावांत बाद होऊन पुन्हा खेळावयास आला. त्या दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या होत्या. आपला संघ तरीही हरला.

पण आम्हास थक्क करते ती दुसरीच संख्या. त्या डावात विजय आणि त्यांचे बंधू विवेक यांनी मिळून ३०० धावांची भागीदारी केली. तीत विवेक यांच्या धावा किती होत्या? फक्त २१. भावाचा डाव उभा राहावा म्हणून हा माणूस दुसऱ्या टोकाला पाय रोवून उभा होता. आज विजय हजारे यांच्या नावाने देशभर स्पर्धा भरते. विवेक यांचे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले होते?

आता शास्त्रपाठाकडे वळू. शुभवर्तमानात अंद्रियाची ओळख कशी करून दिली आहे ते पाहा. तो शिमोन पेत्राचा भाऊ, असे योहान सांगतो. वास्तविक प्रभूच्या मागे आधी गेला तो अंद्रिया. त्याने पहिले काम केले ते भावाला शोधून येशूकडे नेण्याचे. (१९८४ साली अजित तेंडुलकर आपल्या धाकट्या भावाला शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांकडे घेऊन गेला. पहिल्या दिवशी मुलगा बुजला, तेव्हा त्याला आणखी एक संधी द्या अशी विनंती करणाराही अजितच होता.) पुढे काय झाले? याईराच्या घरी प्रभूने तिघांनाच आत नेले, रूपांतराच्या डोंगरावर तिघांनाच नेले, गेथशेमाने बागेत तिघांनाच जवळ घेतले : पेत्र, याकोब आणि योहान. आधी आलेला अंद्रिया बाहेर राहिला आणि त्याने आणलेला भाऊ आत गेला.

काही काळापूर्वी आम्ही संडे स्कूलच्या वर्गात हा धडा शिकवत होतो. क्रिकेटचा दाखला दिल्यामुळे मुले रंगली होती. तेवढ्यात एका लहान मुलीने विचारले, “सर, अंद्रियाला राग आला नसेल का?”

आम्हास उत्तर देता आले नाही. कारण त्या दिवसांत आम्ही स्वतःच रागावलेले होतो.

उत्तम शुक्रवारी वधस्तंभावरील सात उद्गारांवर सात जण बोलतात, हे आपणास ठाऊकच आहे. पहिल्या उद्गारावर कित्येक वर्षे आम्ही बोलत आलो होतो. त्या वर्षी तो एका तरुणाला देण्यात आला आणि आमच्याकडे गीतांचे क्रमांक सांगण्याचे काम आले. हा तरुण आमच्याच वर्गात पहिले वचन पाठ करायला शिकला होता. आम्ही ताप आल्याचे सांगितले आणि घरी बसलो. ताप नव्हता. आणि तो पहिला उद्गार शत्रूंच्या क्षमेचा आहे, हे लिहिताना आज लाज वाटते.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर शोधत आम्ही घरी पुन्हा शुभवर्तमान वाचले. अंद्रियाला राग आला की नाही, हे कोठेही लिहिलेले नाही. त्याने काय केले ते मात्र लिहिले आहे. सहाव्या अध्यायात तो पाच भाकरी आणि दोन मासळ्या असलेल्या मुलाची गोष्ट प्रभूच्या कानी घालतो. बाराव्या अध्यायात काही ग्रीक लोक येशूला भेटू इच्छितात, तेव्हा फिलिप्प त्याच्याकडे येतो आणि दोघे मिळून प्रभूला कळवतात. म्हणजे भावाला आणून तो थांबला नाही, माणसांना प्रभूपर्यंत पोहोचवतच राहिला.

मग पन्नासाव्या दिवसाचे वर्णन वाचा. पेत्राने उपदेश केला आणि सुमारे ३००० माणसांची भर पडली. तो उपदेश पेत्राच्या नावावर आहे. पण प्रेषितांची कृत्ये २:१४ नीट पाहा. पेत्र एकटा उभा राहिला नाही, अकरा जणांबरोबर उभा राहिला. त्या अकरांत अंद्रिया होता. दुसऱ्या टोकाला तो उभा होता!

वाचकहो, हे बळ माणसाला कोठून येते? केवळ स्वभाव चांगला असून ते येत नाही. आमचा स्वभाव कसा आहे ते आम्ही वर सांगितलेच. बहात्तर शिष्य मोठ्या यशाने परत आले, तेव्हा प्रभूने त्यांस सांगितले की, यशाचा आनंद मानू नका, तुमची नावे स्वर्गात लिहिली आहेत याचा आनंद माना (लूक १०:२०). ज्याचे नाव तेथे लिहिले आहे, त्याला येथल्या फलकावर नाव शोधीत बसावे लागत नाही. आणि ते नाव लिहिणारा प्रभु स्वतः दासाचे रूप घेऊन आला, शिष्यांचे पाय धुतले आणि जी धाव आपल्याला कधीच काढता आली नसती ती आपल्या नावावर लिहून गेला.

एक सावधगिरीची सूचना मात्र द्यावीशी वाटते. हा धडा दुसऱ्याला गप्प बसवण्यासाठी वापरू नये. ज्यांच्या हाती व्यासपीठ आहे त्यांनी स्वयंपाकघरात राबणाऱ्या भगिनींना, ‘तुम्ही अंद्रियासारख्या राहा,’ असे सांगणे सोपे असते. २०१० साली आमच्या गावातल्या द्विशतकाला जगातले पहिले म्हणून आम्ही नाचलो. पण एकदिवसीय सामन्यातले पहिले द्विशतक १९९७ सालीच झाले होते, तेही मुंबईत. ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्क या महिलेने डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ धावा केल्या होत्या. तो सामना पाहायला आम्ही कोणत्याही दुकानासमोर उभे राहिलो नव्हतो. दुसऱ्या टोकाला उभे राहण्याचा धडा प्रत्येकाने स्वतःसाठी घ्यावा. दुसऱ्यासाठी घ्यायचा धडा वेगळा आहे : जो आपल्याबरोबर पळाला, त्याचे नाव घ्यावे.

त्या रविवारी सायंकाळी आम्ही त्या तरुणाच्या घरी गेलो आणि तापाची खरी गोष्ट सांगितली. तो काही वेळ बोलला नाही. मग आत जाऊन त्याने आपले टिपण आणले आणि म्हणाला, “सर, येथे एका वाक्यावर मी अडखळलो. पुढच्या वेळी आधी तुम्हाला वाचून दाखवू का?” आम्ही दोघांनी मिळून प्रार्थना केली.

पुढच्या उत्तम शुक्रवारी पहिल्या उद्गारावर तोच बोलला. गीतांचे क्रमांक आम्ही सांगितले, मोठ्याने आणि स्पष्ट.

संडे स्कूलच्या शिक्षकांसाठी प्रश्न :

१. योहानाच्या शुभवर्तमानात अंद्रिया कोणाकोणाला प्रभूकडे नेतो? मुलांकडून तिन्ही प्रसंग शोधून घ्यावेत.

२. आधी ‘बर्णबा व शौल’ असा येणारा क्रम पुढे ‘पौल व बर्णबा’ असा होतो (प्रेषित १३:२ व १३:४३). शौलाला तार्सहून शोधून कोणी आणले होते? (प्रेषित ११:२५-२६)

३. आपल्या विश्वासाच्या वाटचालीत दुसऱ्या टोकाला कोण उभे होते? या आठवड्यात त्या व्यक्तीला भेटून किंवा पत्र लिहून तसे कळवावे.