तणनाशकाचे सांडपाणी आणि आपली विहीर



पुण्यात नारायण पेठेच्या काठाने मुठा वाहते. पुढे ती मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, आणि भीमा उजनी धरणात येते. वर नदीत जे पडेल ते खाली उसाच्या सरीपर्यंत पोचू शकते. म्हणून या अंकात आम्ही तणनाशकाच्या सांडपाण्याचा विषय घेतला आहे.

डिस्टिलरीचा स्पेंटवॉश काळाकुट्ट असला तरी त्यात जिवाणूंचे खाद्य असते. बंद टाकीत ते खाऊन जिवाणू गॅस देतात. तणनाशक बनविणाऱ्या कारखान्याच्या पाण्याचे तसे नाही. त्यातले औषध आणि क्षार जिवाणूंनाच मारक ठरतात. मग पचवायचे कोणी? म्हणून औषधाचे रेणू आधी फोडावे लागतात.

यासाठी फेंटन पद्धत आहे. उसाच्या केवड्यावर आपण हिराकस फवारतो, तेच इथे कामी येते. हिराकस आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या जोडीचा प्रभाव फेंटन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९४ साली मांडला.

कृती अशी :

१) पाणी आम्लधर्मी करून सामू सुमारे ३ वर आणतात.
२) हिराकस मिसळून पेरॉक्साइड हळूहळू सोडतात. त्यातून हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो. तो क्षणभरच टिकतो, पण तेवढ्यात औषधाचे रेणू तोडतो.
३) मग चुना घालून सामू वर घेतात. लोहाचा तांबूस गाळ खाली बसतो. तो वेगळा काढून त्याची रीतसर विल्हेवाट लावतात.
४) निवळलेले पाणी जिवाणूंच्या टाकीत सोडतात.

ओझोन आणि अतिनील किरणांचाही असा उपयोग करतात. मात्र अ‍ॅट्राझीनच्या रेणूतले कडे सहसा फुटत नाही, सायन्युरिक आम्ल मागे उरते. तेव्हा पाण्याचा रंग गेला म्हणजे विष गेले, असे नव्हे. तपासणी हवीच.

आता आपले काय? हा प्रयोग शेतावर मुळीच करू नये. पेरॉक्साइडने कातडी भाजते. पण आपला पंप धुतलेले पाणी हेही तणनाशकाचेच सांडपाणी आहे, आणि विहिरीजवळ ते फोडायला कोणतीही टाकी नाही. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच घ्यावे. पंपाचे धुण त्याच उसाच्या रानात फवारून संपवावे. विहीर, ओढा, पाट यांपासून लांब राहावे. २,४-डी मारलेला पंप हरभरा, भुईमूग, द्राक्षे यांना वापरू नये. उरलेल्या थेंबांनीही पाने आकसतात.

कारखानदाराने त्याचे पाणी साफ करावे हे आपण हक्काने म्हणू, पण आधी आपला पंप विहिरीवरून हलवू.

— ऊस विकास विभाग