खरिपाची खरेदी आणि मंत्र्यांचा जाब

मृग लागण्यापूर्वी जमिनीची मशागत, अवजारांची डागडुजी आणि भांडवलाची तजवीज उरकून घ्यावी, हा सल्ला शेतकरी बांधवांच्या अंगवळणी पडलेला आहे. त्यात यंदा बियाणे व खते यांच्या खरेदीचा पुरावा जपण्याच्या व्यवस्थेची भर घालावी, असे आम्ही आग्रहाने सुचवितो. निकृष्ट माल विकला गेला की दुकानदारास नोटीस जाते, क्वचित परवाना निलंबित होतो, आणि तो माल ज्या खात्याच्या डोळ्यांदेखत बाजारात आला त्या खात्याच्या मंत्र्यांना काही विचारण्यापूर्वीच हंगाम आणि प्रकरण दोन्ही संपतात.

केनिया देशात २०२४ च्या मार्चमध्ये, दीर्घ पावसाच्या पेरणीच्या ऐन तोंडावर, सरकारी अनुदानाचे खत निकृष्ट असल्याचे उघडकीस आले. हे खत एखाद्या आडगावच्या दुकानातून आलेले नव्हते. राष्ट्रीय धान्य मंडळाच्या गोदामांतून, सरकारच्या भरवशावर, शेतकऱ्यांनी ते उचलले होते. त्यावरून कृषिमंत्री मिथिका लिंतुरी यांच्याविरुद्ध पदच्युतीचा प्रस्ताव आला आणि २ मे रोजी राष्ट्रीय सभेने तो १४९ विरुद्ध ३६ मतांनी संमत केला. परंतु पुढे अकरा सदस्यांच्या चौकशी समितीने सात विरुद्ध चार मतांनी, आरोप सिद्ध होत नाहीत असा निर्वाळा दिला आणि मंत्री पदावर राहिले. जुलैत राष्ट्राध्यक्षांनी मंत्रिमंडळ बरखास्त केले तेव्हा त्यांचे पद गेले खरे, पण ते करवाढीविरुद्धच्या तरुणांच्या आंदोलनामुळे. खताचा निवाडा त्यात झाला नाही. सभागृहात एवढे बहुमत मिळूनही जे प्रकरण पुराव्याच्या पायरीवर अडले, त्यापासून आपण बोध घ्यावयाचा तो हाच, की संतापाला दप्तराची जोड हवी.

आपल्याकडे २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून हजारो तक्रारी दाखल झाल्या. आदल्या ऑक्टोबरच्या अवकाळी पावसाने बीजोत्पादनाचे पीक भिजले होते, हे सर्वांस ठाऊक होते. तरीही तेच बियाणे विक्रीस आले, त्यात सरकारच्या महाबीजचेही होते, आणि अखेर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठास स्वतःहून दखल घ्यावी लागली. पिकाची हानी ऑक्टोबरात दिसत असताना जूनपर्यंत खात्याने काय केले, हा प्रश्न मंत्र्यांनाच विचारावयाचा असतो, आणि तो विचारणाऱ्याच्या हाती कागद असावे लागतात.

म्हणून खरेदी परवानाधारक विक्रेत्याकडूनच करावी आणि पक्की पावती घ्यावी. पावतीवर पीक, वाण, लॉट नंबर, कंपनीचे नाव व किंमत यांची नोंद आहे की नाही हे दुकानातच वाचून पाहावे. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीस निळा आणि सत्यतादर्शक बियाण्याच्या पिशवीस हिरवा टॅग असतो. त्यावरील चाचणीची तारीख व वैधतेची मुदत तपासावी. पिशवी खालच्या बाजूने फोडावी, म्हणजे वरची शिवण व टॅग अभंग राहतात. आणि रिकामी पिशवी, टॅग व मूठभर बियाणे पीक निघेपर्यंत जपावे. खताच्या गोणीचेही तसेच करावे.

सोयाबीनची उगवणशक्ती घरी तपासण्यास खर्च नाही. ओल्या गोणपाटावर दहा-दहांच्या ओळींत शंभर दाणे मांडावेत, वरून दुसरे ओले गोणपाट टाकून गुंडाळी करावी, ती सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडावे, आणि सहा-सात दिवसांनी उलगडून सशक्त कोंब मोजावेत. सत्तर निघाले तर हेक्टरी ७५ किलो बियाणे पुरे. किंचित कमी निघाले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवावे. फारच कमी निघाले तर ते पेरूच नये, विक्रेत्यास व कृषी अधिकाऱ्यास लेखी कळवावे.

पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा आल्यावरच आणि तीन-चार सेंटिमीटर खोलीवर करावी. यात पिकाचे हित आहेच. शिवाय ओल अपुरी होती, बी खोल पडले, हा कंपन्यांचा ठरलेला बचाव असतो. सबब पेरणीची तारीख व महसूल मंडळातील पावसाची नोंद वहीत टिपून ठेवावी.

उगवण झाली नाही तर दुबार पेरणीची घाई करण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी, तक्रार निवारण समितीकडून पंचनामा करवून त्याची प्रत मागावी आणि शेताची छायाचित्रे काढावीत. बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, आणि परीक्षणासाठी त्याने बियाणे राखून ठेवलेच पाहिजे अशी अपेक्षा धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे निगमाच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. तेव्हा ज्यांनी सर्व बी पेरून टाकले असेल त्यांनीही ग्राहक आयोगाकडे जाण्यास कचरू नये.

आपल्या राज्यघटनेत मंत्रिमंडळ विधानसभेस सामुदायिकरीत्या जबाबदार आहे, आणि सुदैवाने पावसाळी अधिवेशन पेरणीच्याच सुमारास भरते. गावातील तक्रारी एकत्र करून, लॉट नंबरवार यादी व पंचनाम्यांच्या प्रती जोडून, त्या आपल्या आमदारांकडे द्याव्यात आणि तारांकित प्रश्न वा लक्षवेधी सूचना दाखल करण्याची लेखी मागणी करावी. त्या लॉटचे नमुने कोणत्या तारखेस घेतले, अहवाल केव्हा आला, आणि अहवाल येईपर्यंत विक्री कोणाच्या हुकुमाने चालू राहिली, एवढे तीन प्रश्न मंत्र्यांना सभागृहात विचारले जातील, असे पाहावे. आणि आमदारांनी ते विचारले की नाही, हे अधिवेशन संपताच गावसभेत त्यांनाच विचारावे.