खोलीत एकाने हसू नये

तुझ्या गेमचा मसुदा काल रात्री एका बैठकीत वाचून काढला. बंद पडलेला एसटी स्टँड, तिथे अडकून पडलेली भुतं आणि त्यांना मुक्कामी पोचवणारा तुझा तो बदली कंडक्टर. कल्पना झकास आहे रे, एकटीच हसत होते. पण फलाटावर बसलेली ती नऊ वर्षांची मुलगी आली, तिथे तू लागोपाठ तीन विनोद टाकलेस आणि माझं वाचन थांबलं. म्हणून हे लिहितेय. मावशीचं ऐकून घे, मग तुला पटेल ते कर.

आधी ‘ग्रिम फँडँगो’ खेळ. लुकासआर्ट्सने १९९८ साली काढलेला, टिम शेफरने रचलेला गेम. २०१५ला त्याची नवी आवृत्ती आली, ती आजच्या कॉम्प्युटरवर चालते. मेक्सिकोत ‘मृतांचा दिवस’ पाळतात, त्या सणातल्या कागदी लगद्याच्या सांगाड्यांसारखी यातली माणसं. नायक मॅनी कालावेरा हा मृत्युखात्यातला एजंट. नुकत्याच मेलेल्यांना तो पुढच्या प्रवासाची पॅकेजं विकतो. पुण्यवानाला चार मिनिटांत पोचवणाऱ्या गाडीचं तिकीट मिळतं, बाकीच्यांना चार वर्षांची वाट तुडवावी लागते.

आता यात हसू कुठून येतं ते बघ. ते कचेरीतून येतं. खडूस साहेब, कमिशन, चांगलं गिऱ्हाईक नेमकं शेजारच्या टेबलावर जाणं, हवेच्या नळ्यांतून सुसाट फिरणारे निरोप. त्या नळ्या तुंबवायला मॅनी फुगे वापरतो, आणि ते फुगे त्याला जत्रेतला विदूषक देतो. मरणाला कुणी हात लावत नाही. तुझ्या गेममध्येही स्टँडची चौकशी खिडकी, सुट्ट्या पैशांची भांडणं, कधीच न लागणारी गाडी यांच्यावर मनसोक्त हस. तिथे तुझा हात चांगला चालतो.

पण नुसतं एवढंच केलंस तर गोष्ट पोकळ होईल. सगळे मेलेलेच, मग कुणाला भीती कशाची? शेफरने यावर तोड काढली ती मला आजही थक्क करते. त्या दुनियेत एक द्रव आहे. तो भरलेली गोळी लागली, की हाडांतून फुलं उगवतात, आणि बघता बघता सांगाड्याच्या जागी ताटवा उरतो. मेलेल्याचं दुसरं मरण ते. रक्त नाही, किंकाळी नाही, आणि तरीही अंगावर काटा येतो. मेक्सिकोत मृतांच्या वेदीवर झेंडू वाहतात. आपल्या तोरणातला झेंडूही मूळचा तिकडचाच. तिकडे फुलं पूजेची, इथे फुलंच संहाराची. तुझ्या भुतांना गमावण्यासारखं काय आहे, हे पहिल्या पानावर ठरव. ते ठरल्याशिवाय पुढचा एकही विनोद लिहू नकोस.

त्याच गेममध्ये, गोष्टीच्या दुसऱ्या वर्षीच्या भागात, रुबाकावा नावाचं बंदर आहे. तिथल्या शवागारात मेम्ब्रियो नावाचा माणूस टेबलावरची फुललेली प्रेतं तपासतो, ही कुणाची म्हणून ओळख शोधतो. मॅनीला एका जहाजावर नोकरी हवी असते. त्यासाठी तो एका जिवंत, म्हणजे त्या जगातल्या हिशेबाने जिवंत, खलाशाचा गळ्यातला बिल्ला चोरून एका अनोळखी प्रेतात टाकतो आणि मेम्ब्रियोला मेटल डिटेक्टर आणून देतो. बिल्ला सापडतो, खलाशी मेला असं ठरतं, जहाजावरची जागा मोकळी. हा अगदी काळा विनोद झाला, आणि तो खेळणाऱ्याच्या हातून घडवलाय. तरी तो घाणेरडा वाटत नाही, कारण मेम्ब्रियो स्वतः एकदाही हसत नाही. तो त्या बेवारस हाडांशी आदराने वागतो. आपल्या वगातला सोंगाड्या कितीही उड्या मारो, समोरचा राजा गंभीर राहिला तरच टाळी पडते, तसंच हे. खोलीत एकाने हसू नये. तुझ्या फलाटावर असा कुणीच नाही. कंडक्टर हसतो, हमाल हसतो, मुलीची आजीसुद्धा टोमणा मारते.

आता गेमची खास अडचण सांगते, नाटकवाल्यांना ती नसते. रंगमंचावर टायमिंग नटाच्या हातात असतं, इथे ते खेळणाऱ्याच्या हातात. तो दिसेल त्या वस्तूवर क्लिक करणार, चार-चारदा करणार. मी संवाद लिहिलेल्या एका गेममध्ये म्हातारा मरतो तो प्रसंग होता. प्रसंग मी जीव ओतून लिहिला होता. पण खोलीतल्या कंदिलाची ओळ आधीच्या भागातली तशीच राहिली, एक फुटकळ कोटी. चाचणीला आलेल्या मुलीने म्हाताऱ्याचे डोळे मिटले आणि कंदिलावर क्लिक केलं. कोटी वाजली. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. ती काही बोलली नाही, पण मला आजही तो हेडफोन दिसतो. तेव्हापासून दुःखाच्या खोलीतली प्रत्येक वस्तू मी नव्याने लिहिते. कंदील असेल तर ‘कंदील विझलाय’, बस. संवादाच्या पर्यायांमधली थट्टेची ओळही तिथे काढून टाकते. खेळणाऱ्याला निर्दय व्हायची सोयच ठेवू नये.

अंधार नेहमी समोर आणून दाखवावा लागतो असंही नाही. शेफरच्याच ‘सायकोनॉट्स’मध्ये, तो २००५चा, मिला नावाच्या शिक्षिकेच्या मनात शिरलं की रंगीबेरंगी नाचाची पार्टी चालू असते. आडबाजूच्या खोलीत खेळण्यांची एक पेटी आहे. तिच्यात उतरलास तर कळतं, की ती ज्या अनाथाश्रमात मुलं सांभाळायची तो जळाला होता. कुणी तुला तिकडे नेत नाही. न बघताही गेम पूर्ण होतो. पण बघितलं, की त्या नाचाचा अर्थच बदलतो. मला तर बाई रडू आलं होतं.

उलट ‘मंकी आयलंड’ बघ, १९९०चा. त्यात नायक मरतच नाही. फक्त पाण्याखाली दहा मिनिटं त्याला तसाच ठेवला तर मरतो, आणि पडद्यावरची क्रियापदं बदलून प्रेताला शोभतील अशी होतात. हलकाफुलका गेम असेल तर मरण असंच, कोपऱ्यात लपवलेली गंमत म्हणून ठेवावं. तुझा गेम त्या जातीचा नाही.

तुझा हमाल मला आवडला. त्याला ग्लॉटिससारखा वाढव. ग्लॉटिस म्हणजे मॅनीचा तो अगडबंब ड्रायव्हर, सगळ्यात जास्त हसवणारा. गाडी चालवायलाच जन्मलेला; वेग मिळाला नाही की मरणपंथाला लागतो. ज्याने तीन वर्षं हसवलं तो शेवटी आडवा पडतो, तेव्हा पोटात खड्डा पडतो. हमालाचा विनोद आणि हमालाचं दुखणं एकाच गोष्टीतून येऊ दे. त्याच्या डोक्यावरचं ओझं कुणाचं आहे, एवढं मला लिहून पाठव.

आणि मुलीच्या प्रसंगातले पहिले दोन विनोद काढ. तिसरा, तिच्या हातातल्या अर्ध्या तिकिटाचा, तो राहू दे, पण तो तिने स्वतः सांगावा. नवा मसुदा झाला की गणपतीत घरी येशील तेव्हा घेऊन ये, आपण दोघं बसून खेळू.